अल्बममधून काढलेला फोटो

टाळेबंदी लागली तेव्हा माझ्या दुकानात लग्नपत्रिकांचे तीन गठ्ठे छापून तयार होते. तिन्ही लग्नं पुढे ढकलली गेली. पत्रिका रद्दीत गेल्या.

माझं दुकान म्हणजे नंदाखाल गावातल्या आमच्या घराची रस्त्याकडची खोली. लग्नपत्रिका करते, लग्नाचे अल्बम लावते. दोन्ही कामांचा कॉम्प्युटरवरचा प्रोग्राम पूर्वी एकदा विकत घेतला की संपलं. मग कंपनीने महिन्याची वर्गणी सुरू केली. वर्गणी थकली की प्रोग्राम उघडत नाही, आणि त्यात लावलेले जुने अल्बमही त्याच्यासोबत बंद होतात. हे मला आधीपासून माहीत होतं. वर्गणी थकेल असं वाटलं नव्हतं, एवढंच.

लग्नं बंद झाली तरी काम बंद नव्हतं. आमच्याकडे माणूस गेला की फोटो, जन्ममृत्यूच्या तारखा आणि मिस्साची, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेची, वेळ घालून पत्रिका करतात. एरवी ती छापून चर्चच्या दारात वाटतात. त्या महिन्यांत दफनाला मोजकीच माणसं जात, मिस्सा मोबाइलवर बघायची, म्हणून पत्रिकाही मोबाइलवरूनच जाई. रोज कुणाचा तरी फोन यायचा. मयताच्या कामाचे पैसे आमच्या गावात घेत नाहीत. पेटी करणारा सुतार फक्त लाकडाचे घेतो, मी फक्त कागदाचे घेत असे. आता कागदही नव्हता.

दोन महिने वर्गणी भरली, मग थांबले. तेवढ्यात कंपनीची मेल आली की अडचणीतल्या ग्राहकांना तीन महिने माफी, सोबतचा फॉर्म भरा. मी भरला. 'सध्या प्रोग्राम कामासाठी वापरता का?' या प्रश्नाला 'हो' लिहिलं. दोन दिवसांत उत्तर आलं. आपला वापर गेल्या वर्षीपेक्षा वाढलेला दिसतो, सबब सवलत देता येत नाही.

नवऱ्याने मेल वाचली. "'नाही' लिहायचं होतंस."

"वापरत होते ना."

"मग बस आता खरेपणा घेऊन," म्हणाला, आणि केळींना पाणी सोडायला गेला.

त्याच आठवड्यात प्रोग्राम बंद झाला. मोबाइलवरच जमेल तशा ओबडधोबड पत्रिका करू लागले. तक्रार कुणी केली नाही.

मग टीचरचा फोन आला. टीचर म्हणजे माझ्या मुलीची प्राथमिक शाळेतली बाई, राहायला आमच्या मागच्या वाडीत. तिचा नवरा चार दिवसांपूर्वी हॉस्पिटलात वारला होता. ती स्वतः घरात अडकलेली, दारावर विलगीकरणाचा कागद चिकटवलेला. मयत घरी आणलं नाही. तिला चेहरा बघायला मिळाला नाही.

"बाय, सातव्या दिवसाची मिस्सा आहे," ती म्हणाली. "पत्रिकेला तो फोटो घाल. लेकीच्या लग्नातला, जेवताना हसलेला."

तो फोटो मला लगेच आठवला, कारण तो मीच अल्बममधून काढला होता. हातात ताट, तोंडात घास, आणि कुणाच्या तरी बोलण्यावर मान मागे टाकून हसतोय. लेक म्हणाली होती, "पप्पांचं तोंड बघा." मी म्हटलं होतं, नको हा, चांगला नाही दिसत. टीचर एकटीच म्हणाली होती, "राहू दे की." आम्ही तिचं ऐकलं नव्हतं. मूळ फोटो फोटोग्राफरने कधीच पुसले होते. छापील अल्बममध्ये तो नव्हता. होता फक्त माझ्या पहिल्या कच्च्या अल्बममध्ये, बंद प्रोग्रामच्या आत.

"दुसरा चालेल का?" मी विचारलं.

"दुसऱ्यांत तो फोटोसाठी उभा आहे," ती म्हणाली.

मी कंपनीला फोन लावला. बराच वेळ गाणं वाजलं, मग एक मुलगी आली. माझं हिंदी ऐकून मराठीत बोलू लागली.

"मॅडम, वापर वाढलाय म्हणजे काम आहे ना?"

"काम आहे. पैसे नाहीत."

"गिऱ्हाइकं देत नाहीत?"

"मी घेत नाही. मयताच्या पत्रिका आहेत. आमच्याकडे त्याचे घेत नाहीत."

"कुणीच नाही घेत?"

"कुणीच नाही."

"फॉर्ममध्ये याला रकाना नाही, मॅडम."

"'इतर' आहे ना? त्यात लिही."

"लिहिते. पण वरचे विचारतील. केलेल्या पत्रिका पाठवता?"

मोबाइलमध्ये जेवढ्या होत्या तेवढ्या एकामागून एक पाठवल्या. पाठवताना पहिल्यांदाच सगळ्या सलग पाहिल्या. निम्मे चेहरे ओळखीचे होते, काहींच्या लग्नाच्या पत्रिकाही मीच केल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचाच फोन आला. "उघडून बघा."

प्रोग्राम उघडला. तीन महिन्यांची माफी मिळाली होती. मी आभार मानले. ती म्हणाली, "माझ्या आजोबांची पत्रिका नाही निघाली," आणि फोन ठेवला.

कच्च्या अल्बममधला तो फोटो बाहेर काढला, ताट कापलं, चेहरा मोठा केला आणि टीचरला पाठवला. लगेच फोन.

"ताट का कापलंस?"

"पत्रिका आहे, टीचर. मिस्साची."

"असू दे. ताटासकट घाल."

ताटासकट घातला. मिस्सा चालू असताना मोबाइलच्या पडद्यावर, फादरांच्या शेजारी, तो तोंडात घास घेऊन हसत होता.

लग्नं पुन्हा सुरू झाली तशी मी वर्गणी नियमित भरू लागले. एक मात्र बदललं. अल्बममधून काढलेले फोटो आता साध्या फोल्डरमध्ये वेगळे ठेवते, प्रोग्रामच्या बाहेर. मिटलेले डोळे, उघडी तोंडं, सगळे. नवरीकडचे विचारतात, हे वाईट फोटो कशाला ठेवता? मी म्हणते, जागा आहे.