उलटी खुंटी

बंदरात तिला सगळे ठिपकेवाली म्हणत. नाव चेष्टेचं होतं, पण तिला ते खुपत नसे. जिथे माणसं दिवसभर लोखंड ओढतात, दोर आवळतात, कोपरापर्यंत तेलात हात घालतात, तिथे ही खुर्चीवर बसून ठिपके काढायची. पण कंट्रोल रूमच्या भिंतीएवढ्या पडद्यावर सगळं बंदर कसं दिसावं, हे तिने ठरवलेलं होतं. प्रत्येक जहाज, जहाजं ओढणारा प्रत्येक टग, प्रत्येक लहान बोट म्हणजे एक हिरवा ठिपका. बोटीवरची पेटी आपला ठावठिकाणा कळवत राहायची आणि ठिपका तसतसा सरकायचा.

तिचे वडील त्याच बंदरात तीस वर्षं मनोऱ्यावर बसले होते. त्यांच्या काळी पडद्याच्या जागी लाकडी फळी होती. तिच्यावर बंदराचा नकाशा रंगवलेला, आणि दर बोटीमागे एक खुंटी. दर पाव तासाला सगळ्यांना वायरलेसवरून हाक मारायची. उत्तर आलं की खुंटी नव्या भोकात. नाही आलं, तर खुंटी तिथेच ठेवायची, पण उलटी, डोकं खाली करून. फळीवर एक जरी उलटी खुंटी असली, तरी मनोऱ्यावर चहाला कुणी हात लावत नसे.

पडदा सुरू झाला त्या दिवशी तिने वडिलांना हाताला धरून कंट्रोल रूममध्ये आणलं. त्यांनी पडदा या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितला. मग एवढंच म्हणाले, "उलटी खुंटी कुठे आहे?"

ती आधी होती. पेटी गप्प झाली की ठिपका फिका पडेल, असं तिने केलं होतं. पण पेट्या दिवसातून शंभरदा क्षणभर गप्प व्हायच्या, ठिपके विझायचे आणि पुन्हा पेटायचे. पाळीच्या प्रमुखांना ते बघवेना. येणारेजाणारे मोठे लोक पडद्यासमोर उभे राहतात आणि पडदा असा तापाने फणफणलेला, असं त्यांचं म्हणणं. तिनेही मग फार ताणलं नाही. पेटी बोलली नाही तर ठिपका शेवटच्या जागी स्थिर राहील, हिरवाच, असं करून टाकलं. पडदा शांत झाला. सगळ्यांनी वाखाणला.

वडिलांना तिने समजावलं, की आता बोटी आपण होऊन बोलतात, हाका मारायला नकोत. ते म्हणाले, "न हललेला आणि न बोललेला, दोघं तुझ्याकडे सारखेच दिसतात."

"बाबा, तुमच्या फळीला वाळवी लागलीय," ती हसत म्हणाली. ते हसले नाहीत. टाकून देणार होते ती फळी त्यांनी घरी आणून स्वयंपाकघरात लावली. तिच्या खुंट्यांना गाळणं आणि किल्ल्या लटकू लागल्या.

हाका हळूहळू बंद पडल्या. वायरलेसवर बसणाऱ्याला त्याच्या आवाजापायी नगारा म्हणत. तो म्हणायचा, "ठिपकेवाली, तुझ्यामुळे माझा घसा बिनकामाचा झाला. घरी बायको म्हणते, हेच बरं."

तिचा धाकटा भाऊ पायलट बोट चालवायचा. बाहेर थांबलेल्या जहाजावर वाटाड्याला नेऊन सोडायचं आणि परत यायचं. त्या दिवशी सकाळी तो चष्मा घरीच विसरला. वडिलांनी तो तिच्या हातात दिला आणि खिडकीबाहेर बघितलं. धुकं असं उतरलं होतं की समोरच्या घराचं दारसुद्धा नुसतं डोळ्यांच्या आठवणीने दिसत होतं.

ती आधी पायऱ्यांवर गेली, जिथे भावाची बोट बांधलेली असते. बोट नव्हती. कडी ओली होती आणि पाणी पायरीला चाटत होतं, एवढंच. गेला वाटतं कामावर, असं म्हणून चष्मा पर्समध्ये टाकून ती वर कंट्रोल रूममध्ये आली.

पडद्यावर भावाचा ठिपका पायऱ्यांशीच होता. हिरवागार, शांत.

तिने बाकीचे ठिपके बघितले. बंदराच्या तोंडाजवळ दुसरा एक मोठा ठिपका सरकत होता. डोंगराएवढं मालवाहू जहाज, बाहेर निघालेलं. प्रमुखांनी दहा मिनिटांपूर्वीच त्याला वाट मोकळी असल्याचं कळवलं होतं. पडद्यावर वाट मोकळीच होती.

"पायलट बोट पायऱ्यांवर नाहीये," ती म्हणाली.

प्रमुखांनी पडद्याकडे बोट दाखवलं.

"मी आत्ता तिथून आले साहेब. तिथे नुसतं पाणी आहे."

नगाऱ्याने हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. बोटीची पेटी आणि वायरलेस एकाच वायरीवर चालतात, हे त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं. वायर गेली की दोन्ही मुकी. भावाचा फोन बंदराच्या तोंडापलीकडे लागत नसे. प्रमुखांनी जहाजाला थांबायला सांगितलं. पण एवढं जहाज थांब म्हटल्याने थांबत नाही, मैलभर तरी घसरत जातं. "भोंगा वाजवत राहा," ते म्हणाले आणि खुर्चीत बसले.

भोंगा वाजत होता. काचेबाहेर पांढरं, पडद्यावर हिरवं, आणि या दोहोंच्या मधे कुठेतरी तिचा भाऊ, तोही चष्म्याशिवाय. चष्मा पर्समधून काढून तिने मुठीत धरला होता. तिच्या मनात एकच गोष्ट घुमत होती. हा ठिपका मी काढलाय.

वीस मिनिटांनी खालून कुणीतरी ओरडून सांगितलं. बोट पायऱ्यांना लागली होती. ती धावत खाली गेली. बोटीचा एका बाजूचा कठडा साफ सोलून निघाला होता. भाऊ पायरीवर बसला होता.

"ताई, भोंगा वाजला म्हणून वळलो," तो म्हणाला. "नंतर भिंतच गेली शेजारून. संपता संपेना."

तिने चष्मा त्याच्या हातात दिला. तो त्याला घालता येईना, म्हणून तिनेच घातला.

घरी वडिलांनी सगळं ऐकून घेतलं. मग फळीवरच्या एका खुंटीवरून किल्ली काढली, खुंटी उलटी केली आणि तशीच राहू दिली.

आठ दिवसांनी तिने पडदा बदलला. दोन मिनिटं गप्प राहिलेल्या बोटीचा ठिपका आता पोकळ व्हायचा, नुसतं कडं. भर दुपारी तिने तो सुरू केला. ऊन स्वच्छ होतं, प्रमुखांनी चहा मागवला होता. चाळीस ठिपक्यांपैकी अकरा एकदम पोकळ झाले.

"बिघडलं का काही?" प्रमुख म्हणाले.

तिने ठिपके पुन्हा मोजले. मिनिटभरापूर्वीपर्यंत ते अकराही हिरवे होते. कधीपासून गप्प होते, ते कुणालाच सांगता आलं नसतं.

नगाऱ्याने खुर्ची पुढे ओढली, घसा खाकरला आणि एकेका बोटीला नावाने हाक मारू लागला. दहांची उत्तरं आली. कुणी वैतागून, कुणी जेवता जेवता. अकरावीला तो तिसऱ्यांदा हाक मारत होता, आणि टेबलावरच्या चहावर साय धरली होती.