भडोचच्या वाटेवरचा कापूस

जिनिंग-प्रेसमधली हमाली सुटली तेव्हा भिकनच्या पाठीला विसावा मिळाला, भिकनला नाही. दोंडाईच्याच्या दोन खोल्यांत तो सकाळपासून सामान हलवत असायचा. पिंप या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात, पेटी खाटेखालून दाराशी.

"घर शे का वखार शे?" त्याची बायको कुंदाबाई म्हणायची. "ठेवा ती पेटी जठे व्हती तठे."

त्या हिवाळ्यात तो मुलीकडे अमळनेरला गेला. तिथं जुन्या व्यापारावर व्याख्यान होतं. जावयानं नेलं म्हणून गेला. बोलणाऱ्या बाईंनी सांगितलं, दोन हजार वर्षांपूर्वी भडोचच्या बंदरातून आपलं सुती कापड तांबड्या समुद्रापर्यंत जायचं. पूर्वेच्या बेटांवर आपले देव गेले, गोष्टी गेल्या, अक्षरंही पोचली. आपल्याकडचा मालही तापीच्या अंगानं भडोचला उतरत असावा. भिकन खुर्चीत चुळबुळत होता. आपणहून पोचलेली कापसाची गाठ त्यानं जन्मात पाहिली नव्हती.

शेवटी त्यानं विचारलं, "ताई, भडोचला कोणी नेलं?"

"गाडीवानांनी, बैलांच्या तांड्यांनी," बाई म्हणाल्या. "त्यांची नावं उरली नाहीत. खरं सांगायचं तर त्यांच्याबद्दल फार थोडं कळतं."

उत्तर सरळ होतं. पण भिकनच्या पायांना तेव्हापासून चैन पडेना.

परत आल्यावर त्यानं चिंधाला गाठलं. चिंधा जुना दोस्त. थोडी शेती, एक बैलजोडी आणि निंबाखाली पडून असलेली लाकडी चाकांची गाडी, एवढी त्याची मालमत्ता.

"गाडी नि बैल दे. कापूस भडोचले लई जास."

"भाऊ, रेल्वे आपला गावमा उभी ऱ्हास. तिले काय काटा शेतस?"

"रेल्वेमा बसीसन काय समजी?"

"तुले समजाले काय जोयजे?"

"कितला कष्ट पडे ते."

चिंधानं गाडीवरचा निंबाचा पाला झटकला. मग व्यापारी नाक मुरडतात तो फरदडीचा, म्हणजे शेवटच्या वेचणीचा, कापूस त्यानं देऊन टाकला. अट एकच घातली. "बैल लंगडना ते तठूनच फिरी येजो."

"भडोचले कोन शे तुम्हनं?" कुंदाबाईनं विचारलं.

"कोनीच नही."

"मंग?"

भिकन पेटी पुन्हा दाराशी ओढू लागला. तिनं भाकरी-चटणी बांधून दिली.

भिकननं कापूस पायांनी दाबून गाठोडी भरली. हलकं ओझं नेणं त्याला चोरीसारखं वाटे. चाकांना वंगण घातलं, आस तपासला, दोर दोनदा आवळले. स्वतः गाडीत बसायचं नाही आणि इंजिनाची मदत घ्यायची नाही, एवढं ठरवून तो निघाला.

नंदुरबार मागे पडलं. ट्रक हॉर्न वाजवत अंगावरून जायचे. मुक्कामालाही तो गाडीभोवती फेऱ्या मारायचा, दोर चाचपायचा. विसरवाडीच्या पुढं रूपजी गावित नावाच्या शेतकऱ्यानं त्याला अंगणात जागा दिली.

"एवढा कापूस घेऊन पायी हिंडतो," रूपजीची म्हातारी आई म्हणाली, "चोरीचा आहे का रे?"

"चोर एवढे कष्ट करतो का, अक्का?"

म्हातारी हसली. चाकाला वंगण घालताना तो आईकडून ऐकलेलं, खानदेशातल्या कानबाई देवीचं गाणं गुणगुणत होता. म्हातारीनं ते पुन्हा म्हणायला लावलं. सकाळी अंगण झाडताना ती तेच गात होती. चाल त्याची होती. शब्द तिचे, आणि कानबाईच्या जागी तिची देवी, देवमोगरा.

"अक्का, शब्द असे नाहीत."

"तुझ्याकडे नसतील. इथं असेच."

भिकननं वंगणाचा डबा उचलला. तो बैल जुंपायला गेला, तर उजवा बैल पाय टेकेना. डांबरानं खूर रक्तापर्यंत झिजला होता. शेतातले बैल, त्यांना नाल कधी ठोकलेच नव्हते. भिकननं चाक पाहिलं, आस पाहिला, दोर पाहिले. खुराखाली पाहायचं राहिलं. हमालाची नजर मालावर.

त्यानं एक गाठोडं डोक्यावर घेतलं आणि चालू लागला. रस्त्याखालच्या मोरीपाशी त्याची पाठ धरली. रूपजीनं त्याला परत आणलं.

"बाबा, आता तूच बैल झालास का?"

तेवढ्यात एक रिकामा टेम्पो थांबला. भडोचलाच निघाला होता. "टाका मागे," ड्रायव्हर म्हणाला. "दिवस मावळायच्या आत पोचवतो."

रूपजी म्हणाला, "मी माझी बैलगाडी घेऊन उच्छलला बहिणीकडे चाललोय. तिथवर नेतो. पुढं तिच्या गावचा कोणी नेईल."

"पुढं म्हणजे कुठवर?"

"ते मला काय माहीत? माझी वाट तिथवरच."

भिकन टेम्पो आणि गाडी यांच्यामध्ये येरझारा घालू लागला. टेम्पोत टाकला तर कापूस नक्की पोचणार होता. रूपजीकडे दिला तर कदाचित कधीच नाही. पण माल भडोचला नेणारा एकच माणूस तो इतके दिवस मनात धरून होता. तसा माणूस कधी नसेलच. असतील ते सगळे रूपजी.

ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. "जा तुम्ही," भिकन म्हणाला.

पाठ धरलेली असतानाही गाठोडी त्यानंच चढवली. रूपजीनं एक आडवं ठेवलं होतं, तेही काढून सरळ लावलं.

खूर भरेपर्यंत तो तिथंच राहिला. रूपजी परत आला आणि म्हणाला, बहिणीच्या गावातल्या एकानं माल पुढं सोनगडकडे नेला. त्याचं नाव भिकननं विचारलं नाही. कडेच्या मातीवरून रिकामी गाडी हळूहळू हाकत तो दोंडाईच्याला आला.

"पोचना का?" कुंदाबाईनं विचारलं.

"माले काय माहीत."

"एखादा फोन नंबर तरी लेता."

चिंधानं आधी बैलाचा खूर पाहिला. नंतर म्हणाला, "समजना का कष्ट?"

"मना वाट्याले उना तेवढा समजना."

हल्ली तो रोज हायवेवरच्या चहाच्या टपरीपाशी उभा असतो. गुजरातकडून आलेला ट्रक थांबला की ड्रायव्हरला विचारतो, सोनगडच्या पुढं गोणपाटातली कापसाची गाठोडी दिसली का, बैलगाडीत?

"बाबा, त्या रस्त्यानं कापूस तर कायमच चाललेला असतो," परवा एक जण म्हणाला.

"गाडी कोण हाकत होतं?" भिकननं विचारलं. ड्रायव्हरला आठवेना. भिकन पुढच्या ट्रककडे निघाला.