सासूबाईंच्या गालातलं वाण

ज्येष्ठमधाचं जास्त गोड वाण काढायच्या नादात काकूंनी अर्धं आयुष्य मुळ्या चावण्यात घालवलं. मुळी उपटायची, जराशी चाखायची, बाकीची लावायची, हा त्यांचा शिरस्ता.

एकदा आणलेली मुळी मात्र इतकी गोड निघाली, की ओट्याशी उभ्या उभ्या त्यांनी ती सगळीच फस्त केली.

"अहो, मी वाणच खाऊन टाकलं!" त्यांनी कपाळावर हात मारला. नवरा पोट धरून हसला.

सासूबाई आतून बोबडं बोलल्या, "खोकल्यासाठी मी एक तुकडा पळवलाय."

"आई, आधी थुंका!"

तुकड्याच्या टोकाला कोंब शाबूत होता.

आज त्या वाणाचं नाव 'सासूबाई'. एवढी गोड सासूबाई मिळते म्हटल्यावर रोपांसाठी सुनांचीच झुंबड उडते.