तुमच्या नावाचे आले

नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, ही आमच्या घरची रीत. घ्यायचं नाही म्हणजे त्या नावाचा तुकडासुद्धा जिभेवर येऊ द्यायचा नाही. आता आमच्या यांच्या नावाची पहिली दोन अक्षरं म्हणजे मोर. झालं! मोरावळ्याला मी जन्मभर आवळ्याचा पाक म्हटलं. मोरीला न्हाणी म्हटलं. अकोल्याची नदी मोर्णा. पलीकडे जुन्या शहरात माझी मावशी राहायची, तर तिच्याकडे जाताना ‘पाण्यापल्याड जाऊन येते’ असं सांगायचं. सासूबाई खूश. मला हा सगळा खुळेपणा तेव्हाही वाटायचा आणि आजही वाटतो. पण रीत जिभेपुरती होती, टाकाला कुणी बंदी घातली नव्हती. म्हणून इथं सरळ मोर लिहिते.

तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांतात होतं. हे अकोल्याला वकील. वकिली बेताची, हौस मात्र दांडगी. विलायतेला परत चाललेल्या एका साहेबाचा कॅमेरा यांनी घेतला आणि रानपाखरांचे फोटो काढायचं खूळ डोक्यात भरलं. यांचे वकील मित्र बंदुकीवाले. मेलेल्या तितराच्या ढिगाशेजारी मिशीला पीळ देऊन उभे राहायचे, जसा काही वाघच लोळवला! तितराचा त्या मंडळींना फक्त रस्सा माहीत. त्यांना खिजवायला हे म्हणायचे, “तुम्ही मारता, मी जिवंत धरतो.” बोलाचीच कढी. एका जागी घटकाभर गप्प बसणं यांच्या पत्रिकेत नव्हतं.

पहिल्या खेपांना मित्र बरोबर गेले, उन्हात करपले आणि परत फिरकले नाहीत. मग फराळाचा डबा सांभाळायला, फिरकीचा तांब्या भरून घ्यायला आणि यांचं ऐकून घ्यायला कोण? बायको. मी हो म्हटलं, पण फुकट नाही. म्हटलं, “मले एक तरी फोटो काढू द्या.” हे हसले. “शेवटची काच तुझी.” त्या कॅमेऱ्यात एका फोटोला एक काच लागायची. शेवटची काच माझी, हे वचन यांनी दर खेपेला दिलं आणि दर खेपेला शेवटच्या काचेच्या वेळी फोटो काढायचा रबरी फुगा स्वतःच दाबला. “अगं, वेळच तशी आली!” माझ्यावर वेळ कधी यायचीच नाही का? मला तो एक फोटो हवा होता. लुगडं नको, दागिना नको, तेवढा एक फोटो. त्यासाठी मी उन्हाळाभर काटेकुटे तुडवले.

आडोशात बसून बसून पाखरं मात्र मला पाठ झाली. तितर उडण्यापेक्षा पळण्यावर भिस्त ठेवतं. अगदीच गळ्याशी आलं तर उडतं, आणि तेही कुरकुरत. नर ढेकळावर चढून असा ओरडतो की सारं शिवार त्याच्या बापाचं. दुसरा नर समोर आला की दोघं छाती काढून उभे राहतात, भांडण मात्र क्वचितच करतात. वकिलांच्या बाररूममध्येही असंच चालतं म्हणे. लावा पक्षी पायाखाली येईस्तोवर दबून बसतात आणि मग भर्रकन असे उठतात की माणसाच्या काळजाचं पाणी होतं. प्रत्येक वेळी लावा उठले की हे दचकून कॅमेऱ्याच्या तिवईला लाथ मारायचे आणि मग काचांना दोष द्यायचे. नाचता येईना, अंगण वाकडं!

त्या वर्षी हिवरखेडच्या पाटलांकडे आम्ही उतरलो होतो. गावाच्या उत्तरेला सातपुड्याचा पायथा, तिथल्या नाल्यात एका डबक्याला उन्हाळ्यातही पाणी. काठावर यांनी कापसाच्या पऱ्हाट्यांचा आडोसा करवून घेतला आणि समोर ज्वारी टाकवली. त्या भागात एक तहसीलदार फिरतीवर होते, नेमके यांच्याच नावाचे. आपल्या नावाचा माणूस एवढ्या खुर्चीवर, म्हणून यांना केवढं कौतुक! ते एकदा तरी भेटावेत, आपल्याला कॅमेऱ्यामागे बसलेलं पाहावं, अशी आस. त्यासाठी भर उन्हाळ्यात रानात बंद गळ्याचा कोट घालून बसले होते. पाखरांना कोटाचं काय?

सकाळी तितरं आली. यांनी तपकीर ओढली होती, शिंक आली, काच गेली. मग मुंगूस आलं, त्यालाच तितर समजून दुसरी काच गेली. एकच उरली. मी म्हटलं, “आता माझी.” हे म्हणाले, “थांब वं, काहून घाई करून राहिली? एखादं मोठं पाखरू येऊ दे.” मोठं पाखरू आलं की वेळ यांची, हे मला कळत होतं.

तेवढ्यात मागच्या बाजूने, पळसाच्या बुंध्याकडून, मोर आला. भला थोरला, लांब पिसाऱ्याचा, सोबत लांडोरी. यांची त्याच्याकडे पाठ. आता यांना सांगायचं कसं? घरात मोराला आम्ही ‘पिसारेवाला’ म्हणायचो, पण वेळेवर आठवेल तर तो शब्द कसला!

मी कुजबुजले, “अहो, मागे आले.”

“कोण?”

“ते.”

“ते कोण?”

“अहो, तुमच्या नावाचे!”

आता बघा, ‘आला’ म्हटलं असतं तर यांना कळलं असतं. पण नवऱ्याच्या नावाच्या पक्ष्याला आला-गेला कसं म्हणायचं? जिभेला वळणच तसं. त्या वळणापायी जंगलातल्या मोराला मी अहो-जाहो केलं आणि यांचे डोळे लखलखले.

“तहसीलदारसाहेब? इथं? आधी नाही सांगायचं?”

मी यांची बाही धरली, नाही नाही म्हणून मान हलवली, ओठांवर बोट ठेवलं. कोण ऐकतो! कोटाची बटणं लावली, टोपी सरळ केली आणि हे रांगत आडोशाबाहेर पडले. मोर आणि लांडोरी झुडपात पसार. यांना ते दिसलेही नाहीत. पाटलांची बैलांची दमणी उभी होती त्या वाटेकडे हे साहेबांच्या स्वागताला ताडताड निघून गेले. मला आधी हसू आलं, मग रडू. गेला माझा फोटो!

पण मोराची अक्कल आपल्यापेक्षा वेगळी. त्याने काय पाहिलं? आडोशातून माणूस निघाला आणि दूर गेला. आत आणखी एक बसलेली असेल, हे काही त्याच्या डोक्यात येत नाही. थोड्या वेळाने लांडोरी आल्या, ज्वारी टिपू लागल्या. मागोमाग तोही आला, अगदी भिंगासमोर. पिसारा उघडला. काय ती थरथर, काय तो पिसांचा सळसळाट! लोक मोराच्या नाचावर लट्टू होतात, पण समोर लांडोरी काय करतात ते कुणी बघत नाही. त्या दाणे टिपतात. एकीनेही मान वर केली नाही. तो बापडा वळून वळून दाखवतोय, मागची भुरकट शेपटीही दाखवतोय, आणि ह्या ज्वारीत दंग. बायांनो, शाब्बास!

माझा हात फुग्यावर होता. वळण्याआधी मोर किंचित थबकतो, हे माझ्या लक्षात आलं. तो थबकला, मी दाबला. खट् झालं, मोर पळाला. मी तिथंच बसून मोठ्यांदा हसले. इतकं सुख मला लग्नातही झालं नव्हतं.

हे घामाने निथळत परतले. “कुठं आहेत साहेब?” कोण आलं होतं आणि काचेचं काय झालं, ते मी खुणेने सांगितलं तेव्हा जे भडकले! “काच वाया घालवली असशील.” अकोल्याला येऊन न्हाणीघरात अंधार करून काच धुतली. मोर उमटला, पूर्ण पिसाऱ्यासकट, आणि त्याच्याकडे पाठ करून दाणे टिपणारी लांडोर. यांनी काच उजेडापुढे धरली. मग म्हणाले, “शेवटी जागा मीच निवडली होती ना.”

पुढे अमरावतीला क्लबात फोटोंचं प्रदर्शन भरलं. माझा मोर भिंतीवर, चौकटीत. खाली वेगळी पाटी, तिच्यावर यांचं नाव, पुढं बी. ए., एलएल. बी. लोक गोळा झालेले आणि हे पुणेरी मराठीत सांगताहेत, किती तास श्वास रोखून बसलो होतो. यांचा श्वास! मला तर तिथंच भोवळ यायची वेळ आली. एका साहेबाची मडम माझ्याकडे वळून हिंदीत म्हणाली, “बाई, तुमने भी ये नाच देखा?”

“मैंनेच देखा,” मी म्हटलं. “फोटो मैंनेच खिंचा. ये तो वहाँ थेच नहीं.”

मग मडम खो-खो हसली, मग साहेब हसला, आणि साहेब हसला म्हणून वकील मंडळीही हसली. यांचा चेहरा उतरला. साहेबाने क्लबाच्या कारकुनाला बोलावून पाटी दुरुस्त करायला सांगितली. माझा ऊर भरून आला. वाटलं, चला, एवढ्या गर्दीत एकाला तरी न्याय कळतो.

कारकून टाक घेऊन आला. त्याने यांच्या नावाआधी ‘मिसेस’ लिहिलं, पुढची पदवी खोडली, शाई वाळवली आणि गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. हेही सावरले, माझ्याजवळ येऊन म्हणाले, “झालं ना समाधान? लागलं तुझं नाव.”

माझं नाव काय, हे त्या दालनात कुणी विचारलंच नव्हतं.

मी पुढं झाले. भिंतीवरून चौकट उतरवली, पदराखाली घेतली आणि सगळ्यांदेखत बाहेर पडले. पाटी मात्र तिथंच राहू दिली. ती त्यांची होती.