धोंडिरामांचा ‘टक’

जोगेश्वरी पूर्वेला आमच्या इमारतीखाली धोंडिराम वाघमारे विजेची उपकरणं दुरुस्त करत. बायको लता बाहेरच्या बाकावर लसूण सोलत बसे.

मायक्रोवेव्ह उघडला की ते आधी आतला वीज साठवणारा कंडेन्सर मोकळा करत. पेचकसाचं टोक त्याच्या दोन्ही खिळ्यांना टेकवलं की ‘टक’ असा आवाज व्हायचा. एकदा मी विचारलं, “प्लग तर काढलाय ना?”

“प्लग काढला तरी हा जागा असतो, बाई. आत धातूच्या दोन पट्ट्या, मध्ये पातळ पडदा. दोन पट्ट्यांवर एकमेकींच्या उलट वीज बसते. त्यांना भेटायचं असतं, पण पडदा सोडत नाही. मग ती तशीच ताटकळते. वाट मिळाली की एका झटक्यात सुटते.”

गेल्या वर्षापासून त्यांना ऐकू कमी येत होतं. मुलगी तेजलने कानाचं यंत्र आणून दिलं. ते खणातच राहिलं.

“अहो, घाला ना ते!” लता ओरडायची.

“गिऱ्हाईक म्हणेल, म्हातारा थकला. मग कोण देईल काम?”

“पप्पा, तो टक तरी येतो का ऐकू?”

“हाताला कळतं गं मला.”

पूर्वी आवाज झाला नाही तर ते खिळा घासून पुन्हा पेचकस टेकवत. आता त्यांना तो आवाज कधीच ऐकू येत नव्हता. शांततेची त्यांना सवय झाली होती.

श्रावणात एका खानावळीचा जुना मायक्रोवेव्ह आला. मी मिक्सर घेऊन तिथेच उभी होते. त्यांनी तो क्षणभर चालवून पाहिला, प्लग काढला, पेचकस टेकवला. खिळ्यांवर गंज होता. टक झालंच नाही. मला वाटलं, रिकामाच असेल. त्यांनी दोन्ही हातांनी दोन्ही वायरी ओढल्या आणि आवाज न करता मागे कोसळले. लता तोवर लसूणच सोलत होती.

ते गेल्यावर तिसऱ्या दिवशी शेजारच्या गल्लीतला वायरमन प्रबुद्ध दुकान आवरायला आला. लताने त्या मायक्रोवेव्हकडे बोट दाखवून विचारलं, “त्यात अजून आहे का रे काही?”

त्याने गंज खरवडला, पेचकस टेकवला, पुन्हा टेकवला.

“नाही काकी. रिकामा आहे.”

“म्हणजे सगळं यांच्यातूनच गेलं,” ती म्हणाली. मग खण उघडून तिने कानाचं यंत्र बाहेर काढलं. त्याच्यावरचं प्लॅस्टिकसुद्धा निघालेलं नव्हतं.