काका कुठल्या लढाईत होते?

काका जिल्हा परिषदेला उभे राहिले आणि त्यांची बातमी लिहायचे काम साहजिकच माझ्याकडे आले. मी एका स्थानिक दैनिकाचा मालवणचा वार्ताहर. काका सोळा वर्षे सैन्यात होते, एवढे मला ठाऊक होते. पुढचे उत्साहाच्या भरात लिहून टाकले, ‘सीमेवर शत्रूशी दोन हात केलेला उमेदवार’. घरचाच माणूस, त्याला विचारायचे काय!

दुसऱ्याच दिवशी विरोधकांच्या यूट्यूब चॅनेलने सवाल केला, कुठली लढाई, कुठली तुकडी? संपादकांनी पुरावा मागितला. मी काकांकडे धावलो, तर ते शांतपणे म्हणाले की आपण सैन्यात आचारी होतो. माझ्या तोंडचे पाणी पळाले. गावातल्या लग्नांत चारशे माणसांची डाळ एकहाती उतरवणारा हा माणूस ती कुठे शिकला, हे मला कधी विचारावेसेही वाटले नव्हते. मी म्हणालो, प्रचाराचा नारळ फुटू दे, मग खुलासा देऊ. 

नारळ ग्रामदेवतेच्या देवळात होता. चॅनेलवाला मोबाइल रोखून उभा. गाऱ्हाणे घालणाऱ्या, म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवाकडे मागणे मागणाऱ्या मानकऱ्यांनी नेमकी माझी बातमी वाचलेली.

“शत्रूशी लढलेल्या ह्या तुझ्या लेकराक यश दी रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा,” सगळे म्हणाले. मीही ओठ हलवले.

“नाय म्हाराजा,” काका हात जोडून म्हणाले. “मी लढूक नाय. सोळा वर्सां लढणाऱ्यांका रांदून घातलंय.”

गाऱ्हाण्याला नाही म्हणणारा माणूस मी जन्मात पाहिला नव्हता.  आटोपले सगळे, असे मला वाटले. मानकऱ्यांनी घसा खाकरला आणि पुन्हा सुरुवात केली.

“लढणाऱ्यांका जेवक घालणाऱ्या ह्या लेकराक यश दी रे म्हाराजा.”

ह्या वेळचा होकार रस्त्यापर्यंत ऐकू गेला असेल, आणि त्यात माझा आवाज सगळ्यात मोठा होता. दोन दिवस छातीवर बसलेला धोंडा उतरला. चॅनेलवाल्याने संध्याकाळी तेवढेच दाखवले. दुसरे दाखवण्यासारखे त्याच्याकडे काही उरलेच नव्हते.

खुलासा लिहायला बसलो तेव्हा मी काकांना विचारले, इतक्या वर्षांत कधी बोलला कसे नाहीत?

“कोणी इचारूक नाय रे,” ते म्हणाले.

मग मी विचारत गेलो आणि ते सांगत गेले, उंच डोंगरावर डाळ किती वेळ शिजत नाही इथपासून. खुलासा चार ओळींचाच होता. माझी वही भरली.