दारापर्यंत चालत जाण्याची रीत

मार्च सरत आला की कुवेतच्या हवेला दोन वास येतात. पहाटे समुद्रावरून येणारा ओलसर, शेवाळी, थेट आमच्या दाभोळच्या खाडीत नेऊन उभा करणारा. आणि दुपार कलली की वाळवंटाकडून येणारा, तापलेल्या धुळीचा, ज्यात कुठेतरी दूरवर फुललेल्या अरफजच्या पिवळ्या झुडपांचा कडवटपणा मिसळलेला असतो. या दोन वासांच्या मधला जो थोडका काळ, त्याला इथे वसंत म्हणायचे. तो येतो आणि आला असे म्हणेपर्यंत संपतो, आणि मग माझ्या धंद्याचे दिवस सुरू होतात. उन्हाळा चढला की महबूलाच्या उंच इमारतींच्या तळघरांतले पंप धापा टाकू लागतात, जळतात, गच्चीवरच्या टाक्या कोरड्या पडतात, आणि इमारतींचे राखणदार अम्गऱ्याच्या भंगारबाजारातल्या माझ्या शेडकडे घामाघूम होऊन धाव घेतात. लोकांची तहान हाच ज्याचा हंगाम, अशा माणसाने वसंताबद्दल लिहू नये हे मला कळते. पण तो एक वसंत माझ्या घशात अजून अडकून बसला आहे, आणि त्याला कारण इंग्लंड आहे.

अम्गऱ्यात मी आलो तो भंगारातले पंप फोडून त्यांतली तांब्याची तार सोडवायला. तिथल्या हवेत जळक्या तेलाचा आणि गंजाचा वास इतका मुरलेला असतो की घरी येऊन कितीही साबण लावला तरी तळहाताच्या रेषांत तो उरतोच. तिथेच मी सौदा करायला शिकलो. कुणी शिकवले नाही. शिकवण्यासारखे ते नसतेही. समोरच्याचा भाव ऐकायचा, हसायचे, चहा प्यायचा, मुलाबाळांची चौकशी करायची, पुन्हा भाव ऐकायचा, आणि मग एका क्षणी कपाळाला आठ्या घालून उठायचे आणि दाराकडे चालू लागायचे. सगळी कला त्या चालण्यात आहे. फार भरभर चाललात तर समोरच्याला हाक मारायला सवड मिळत नाही, फार रेंगाळलात तर त्याला तुमची गरज दिसते. तोही मुरलेला असतो; तुम्ही उंबऱ्यापर्यंत पोचेस्तोवर तो हिशेबाचे काहीतरी करण्याचे सोंग करतो, आणि तुमचा पाय बाहेर पडणार एवढ्यात म्हणतो, "तआल, तआल! ये इकडे, असा रागावू नकोस." मग परत यायचे. नवा चहा येतो. त्या उठण्याचा अपमान कुणी मानत नाही, कारण तो सौद्याचाच एक भाग असतो, जसा अजाननंतरचा क्षणभराचा थांबा हा नमाजाचा. या एका रीतीवर मी मजुराचा दुकानदार झालो, आणि दुकानदाराचा एका इंग्रजी पंपाचा या देशातला एकमेव विक्रेता.

तो पंप म्हणजे माझी इज्जत होती. उत्तर इंग्लंडातल्या एका छोट्या कारखान्यात तो बनायचा. कारखाना एका भाऊ-बहिणीचा होता: भाऊ रॉय, गुलाबी चेहऱ्याचा, मोठ्याने हसणारा, बहीण मार्गारेट, बारीक, कोरडी, प्रत्येक वाक्याआधी चष्मा पुसणारी. दर वसंतात ती दोघे कुवेतला यायची, आम्ही वर्षभराचा भाव ठरवायचो आणि उन्हाळ्याआधी माल माझ्या शेडमध्ये असायचा. माझ्या दुकानाच्या पाटीवर माझ्या नावापेक्षा त्या पंपाचे नाव मोठे होते. करार मोडला तर शेजारच्या दहा दुकानांसारखेच माझेही एक दुकान उरणार होते, हे मला माहीत होते, आणि मला ते माहीत आहे हे त्यांना कधी कळू द्यायचे नाही हेही माहीत होते.

त्या वर्षी ती दोघे आली तेव्हा त्यांच्या देशाने युरोपातून बाहेर पडायचे ठरवून बराच काळ लोटला होता, आणि तरी कुणी बाहेर पडले नव्हते. टीव्ही लावावा तर त्यांच्या संसदेत आरडाओरडा: करार आला, नाकारला, पुन्हा आला, पुन्हा नाकारला. मला संताप यायचा. अरे, मत दिलेत ना? मग निघा. नसेल निघायचे तर बसा. हे उंबऱ्यावर एक पाय आत, एक पाय बाहेर ठेवून घरच्यांशी भांडणे कुठल्या बाजारात शोभते? आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर सरकारी इस्पितळातले सावंत डॉक्टर राहतात. शुक्रवारी जेवायला आले की हाच विषय. "कासमभाई, तुम्हाला काय त्याचं? मत तुम्ही दिलंत का?" असे ते म्हणायचे. मी म्हणायचो, "डॉक्टर, मत त्यांचं, पण पंप माझा." कारण पंप नावाचाच इंग्रजी होता. त्याचे बिडाचे ओतीव अंग तिथले, पण दांडा जर्मनीहून यायचा, मोटार इटलीहून, आणि आजवर ही सगळी ये-जा एका घराच्या खोल्यांतून फिरावे तशी बिनबोभाट चालायची. आता प्रत्येक दाराशी जकातीचा माणूस बसणार म्हटल्यावर माझा माल उन्हाळ्याआधी कसा पोचणार, आणि कुठल्या भावाने?

अबू हलीफाला समुद्राकाठी एका हॉटेलात आम्ही जेवायला बसलो. संध्याकाळचे ऊन पाण्यावर तिरपे पडले होते, भाजलेल्या हमूर माशाचा, लिंबाचा आणि कोळशाचा वास भोवती तरंगत होता, आणि शेजारच्या टेबलावर एक कुवेती कुटुंब मुलांसह निवांत जेवत होते. मी म्हटले, पौंड घसरला आहे, मग पंप स्वस्त व्हायला हवा. इतके दिवस झाले, तुम्ही एका फिलसने, दमडीनेसुद्धा, उतरला नाहीत. ही माझी खरीखुरी तक्रार होती. रॉय हसला. मार्गारेटने चष्मा पुसला आणि म्हणाली की सुटे भाग आम्ही युरोत घेतो, पौंड घसरला की आमचा खर्च वाढतो, शिवाय बंदरावर ट्रक अडले तर काय होईल कुणालाच ठाऊक नाही. म्हणून भाव वाढवावा लागेल आणि तारखेची हमी देता येणार नाही, चित्र स्पष्ट होईपर्यंत.

"चित्र स्पष्ट आहे," रॉय म्हणाला. "आपण बाहेर पडतोय."

"कुठे पडतोय? तीन वर्षं कोट घालून दारात उभे आहोत."

"तुझ्यासारख्यांमुळे!"

माझ्यातला अम्गऱ्याचा माणूस लगेच जागा झाला. विकणारे दोघे आपसांत भांडू लागले की घेणाऱ्याने फक्त वारा घालायचा असतो. मी रॉयकडे वळून म्हटले, "रॉयसाहेब, तुम्ही म्हणता देश मोकळा होणार, जगाशी व्यापार करणार. मग पहिला फायदा जुन्या गिऱ्हाइकाला नको?" तो फुलला. बहिणीसमोर त्याला ते सिद्धच करायचे होते. त्याने तिथल्या तिथे भाव एक पायरी उतरवला. मार्गारेटच्या हातातला काटा बशीवर आपटला. तिने त्याला विचारले, हा तोटा कोण भरणार, ते तुझे मतदार? कारखान्यातल्या माणसांना तू काय सांगणार? ज्यावर मत दिले ते नेमके काय आहे हे तेव्हा कुणाला माहीत होते? आता माहीत झालेय, तर पुन्हा विचारायला काय हरकत आहे? रॉयचा आवाज इतका चढला की कुवेती कुटुंबातली मुले खाणे थांबवून बघू लागली. तो म्हणत होता की प्रौढ माणसाने एकदा निर्णय सांगितला की तो मानायचा. तुझा खरा अर्थ काय होता, तू शुद्धीवर होतास का, असले प्रश्न विचारणे म्हणजे त्याचा अपमान आहे. निर्णय म्हणजे निर्णय.

हे वाक्य मी ऐकले. कानांनी ऐकले, पण डोके भावात होते. मला वाटले आणखी एक पायरी सहज उतरेल, तारखेची हमीही पदरात पडेल, आता फक्त उठायचे. मी हातरुमाल टेबलावर ठेवला, कपाळाला आठ्या घातल्या आणि म्हटले, "तुमचं घरचं भांडण मिटत नाही तोवर मला तुमचा पंप नको. संपलं." आणि उठलो. आयुष्यात इतका सुंदर मी कधी उठलो नव्हतो. दाराकडे चालू लागलो, ना भरभर ना रेंगाळत, कान मागे ठेवून.

मागून पावले आली. मी मनातल्या मनात चहा मागवला. रॉय समोर आला, त्याचा चेहरा पडला होता, आणि त्याने हात पुढे केला. "कासम, मला फार वाईट वाटतंय. पण तुमचा निर्णय मला मान्य आहे."

मान्य आहे! त्याच्या खांद्यावरून मला मार्गारेट दिसत होती, टेबलाशी अर्धवट उठलेली, काहीतरी म्हणू पाहणारी. पण नुकतेच जे तिला बजावले होते, तेच मोडून त्याने मला परत बोलवायचे कसे? आणि मी? मी काय म्हणणार होतो, की साहेब, तुम्ही मला हाक मारायला विसरलात? मी हात मिळवला. बाहेर आलो. गाडीच्या काचेवर धुळीचा पातळ थर बसला होता, आणि समुद्र, बेशरम, नेहमीसारखा चमकत होता.

घरी माझ्या बायकोने, जुबेदाने, सगळे ऐकून घेतले. लग्नानंतर तिने माझे असे अनेक सौदे भाजीच्या दुकानातसुद्धा पाहिले आहेत, बाहेर पिशवी धरून उभी राहून. ती म्हणाली, "म्हणजे हमूर पण तसाच टाकून आलात?" थोड्या वेळाने म्हणाली, "फोन करा ना त्याला. जीभ झिजते का?" मी तिच्यावर ओरडलो. उठलेल्या माणसाने स्वतःहून परत जायचे? मग ज्या किमतीला ते देतील त्या किमतीला घ्यावे लागते, हे तिला कुठे माहीत! सावंत डॉक्टरांना कळल्यावर ते पोट धरून हसले. "अहो कासमभाई, इंग्लंडच्या आधी तुम्हीच बाहेर पडलात!" त्या शुक्रवारी मी त्यांना दुसऱ्यांदा सुरमई वाढली नाही.

मग दिवस तापत गेले. वाळवंटातले हौशी लोकांचे तंबू उठले, अरफज सुकला, पश्चिमेकडून तांबूस धूळ येऊन अम्गऱ्यावर पसरली, आणि माझ्या शेडमधल्या इंग्रजी पंपांची रांग आखूड होत गेली. राखणदार विचारायचे, नवा माल कधी? मी म्हणायचो, वाटेत आहे. टीव्हीवर तीच संसद, तेच ओरडणे; पण आता मला ते बघवेना. आधी मला त्यांचा राग यायचा, की निघत का नाहीत. आता कुणी उभे राहून, अजून एकदा विचारा, असे म्हणाले की मी आवाज वाढवायचो, आणि त्यावर कुणी, निर्णय म्हणजे निर्णय, असे म्हणाले की रिमोट सोफ्यावर आदळायचो. सगळ्यांना मी सांगत होतो की ती माझी चाल होती, साधी धंद्याची चाल, आणि त्या गुलाबी माणसाला ती समजली नाही. हे मी इतक्यांदा सांगितले की त्याला घासूनपुसून चकाकी आली होती.

एका दुपारी, शेडच्या पत्र्यावर ऊन वाजत असताना, फोन आला. मार्गारेट होती. रॉय अजून त्याच शब्दाला धरून बसलाय, ती म्हणाली. ती मला फोन करतेय हे त्याला ठाऊक नाही. कुवेतमधलाच दुसरा एक विक्रेता करारासाठी मागे लागलाय. तिला त्याला उत्तर द्यायचे आहे. पण त्याआधी एक विचारायचे होते. मला वाटले, आली हाक. उशिरा का होईना, उंबऱ्यावर आली. मी खुर्चीत मागे रेललो, आवाजात जरा बेफिकिरी आणली, पहिला भाव काय बोलायचा हे जुळवू लागलो.

ती म्हणाली, "मिस्टर कासम, त्या दिवशी तुम्ही उठलात, तेव्हा तुम्हाला खरंच जायचं होतं का?"

एवढेच. भाव नाही, तारीख नाही. उत्तर तर माझ्या जिभेवर होते, चकाकी आलेले: छे हो, आमची रीतच आहे ती. मी तोंड उघडले आणि मला ते टेबल दिसले. त्यावर मी ठेवलेला तो हातरुमाल दिसला. त्या क्षणी मला खरोखर वैताग आला होता, त्या दोघांचा, त्यांच्या देशाचा, दर वसंतात त्यांच्यासमोर हसत बसण्याचा, स्वतःच्या पाटीवर दुसऱ्याचे नाव मोठे करून घेतल्याचा. आणि दाराकडे चालताना काही पावले, ज्यांत मी कान मागे ठेवले होते असे सगळ्यांना सांगतो, त्यांत मला मोकळेही वाटले होते. कुठली पावले चालीची होती आणि कुठली माझी, हे मला वेगळे करता येईना. जन्मभर सौदे केले, पण समोरून कुणी हे विचारले नव्हते, आणि मी स्वतःला विचारायची कधी वेळ येऊ दिली नव्हती.

"मला माहीत नाही," मी म्हटले.

हे असे उत्तर आहे की ते दिल्यावर भाव करता येत नाही. पलीकडे ती चष्मा पुसत असावी. तिच्या खिडकीबाहेर बहुधा पाऊस होता, त्याचा बारीक आवाज येत होता. ती आता ठीक आहे म्हणेल, आभार मानेल आणि ठेवेल, असे मला वाटत राहिले. पण फोन तिने ठेवला नाही, आणि मीही नाही.